गरम असताना लिहिलेलं

अ-पिनला वेग आवडायचा, पण गाडीचा नव्हे. स्कूटर तो इतकी सावकाश चालवायचा की मागची माणसं हॉर्न वाजवून थकायची. त्याला वेड होतं ते ड्राइव्हच्या वेगाचं. लॅपटॉपच्या पोटात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक पट्टी असते आणि माणसाचं सगळं तिच्यात साठवलेलं असतं. ती पट्टी किती झपाट्याने लिहिते आणि वाचते, यावर अ-पिनचा दिवस बरा की वाईट ते ठरायचं.

पूर्ण नाव तेंग कुओ-पिन. ताइपेच्या खालच्या अंगाला, चूबेईतल्या आमच्या कंपनीत तो त्या पट्टीच्या आत चालणारा प्रोग्राम लिहायचा. मी चाचणी विभागात. माझ्याकडे कपाटाएवढी एक पेटी होती, हवी तितकी तापणारी आणि हवी तितकी गोठणारी. पेटीच्या डोक्यावर, इकडे सगळीकडे ठेवतात तसं, हिरव्या पाकिटातल्या मक्याच्या खाऊचा नैवेद्य असायचा. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. अ-पिनने जन्माला घालायचं आणि मी छळायचं, असं आमचं नातं.

"रू-ताई, आज माझ्या लेकराला किती भाजणार?" तो दारातूनच विचारायचा.

"रडेपर्यंत," मी म्हणायचे.

त्या वर्षी एका मोठ्या लॅपटॉपवाल्याचं काम आलं. त्यांचं नवं मॉडेल इतकं पातळ होतं की आत पंख्याला जागाच नव्हती. वेगवान ड्राइव्ह तापतो. जाड लॅपटॉपमधून ती उष्णता बाहेर पडते, पातळमध्ये आतल्या आत कोंडते. म्हणून ड्राइव्हला शिकवलेलं असतं, फार तापलास तर हळू हो. चढावर माणूस दम खातो तसा. त्या लॅपटॉपवाल्याला हा दम नको होता. त्यांच्या चाचणीत शेवटपर्यंत वेगाची रेघ सपाट दिसली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमचे संचालक को सर. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः फळं घेऊन जाणारा. पण बैठकीत बसला की त्याच्या अंगात दुसराच कुणी संचारायचा.

"दम खातो म्हणजे काय? शर्यतीत दम खाणाऱ्याला कधी कुणी पदक दिलंय?"

"दम खाल्ला नाही तर मरतो, सर," अ-पिन म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"मरतो? खरं सांग. चिप जळते?"

"जळत नाही. पण एवढी गरम असताना लिहिलेलं गारठ्यात वाचायला गेलं की चुका होतात. खूप होतात. एका हद्दीपलीकडे ड्राइव्ह हात वर करतो."

"आणि हे लॅपटॉप घेणारे बर्फात बसून काम करणार आहेत का? कॉफीच्या दुकानात बसतात रे ते. पाय वर घेऊन!"

मी म्हटलं, गरम लिहायचं आणि गार वाचायचं ही चाचणी अजून झालेली नाही, तेवढी होऊ द्या. को सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पुढच्या मॉडेलला." माझा वरिष्ठ मान डोलावून मोकळा झाला.

अ-पिन भांडणारा नव्हता. शिनपू गावी त्याच्या विधवा आईने पर्सिमनची केशरी फळं वाळवून, विकून त्याला शिकवलं होतं. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. त्याने प्रोग्राममधली दम खाण्याची हद्द वर सरकवली. वेगाची रेघ सपाट झाली. ताइपेच्या प्रदर्शनात त्या लॅपटॉपभोवती माणसं उभी राहिली, को सरांनी सगळ्यांना जेवायला नेलं आणि अ-पिनला पुढे करून म्हणाले, "हा आपला पळणारा घोडा." तांदळाच्या दारूने की लाजेने कोण जाणे, घोडा लालबुंद झाला होता.

हिवाळ्यात ल्याओ चेंग-यूची बातमी आली. शिनचूतल्या प्राथमिक शाळेत तो संगीत शिकवायचा. च्यानशीच्या वरच्या डोंगरात एकटाच गेला, धुक्यात वाट चुकला. इकडे असं दर हिवाळ्यात कुणाचं ना कुणाचं होतं. आम्ही जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर बघायचो आणि चुकचुकायचो. शोधपथक पूर्वेच्या धारेवर फिरत राहिलं आणि तो मिळाला पश्चिमेच्या घळीत. मिळाला तेव्हा गोठलेला होता. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवसापर्यंत जिवंत असावा.

मग लोकांनी शोधपथकाला धरलं. पथकाचा म्होरक्या हायुंग, अतायाल या डोंगरी आदिवासी जमातीचा, च्यानशीतच पीचच्या बागा करणारा. इंटरनेटवर त्याच्या फोटोखाली वाटेल ते लिहिलं गेलं. "डोंगरात जन्मला आणि डोंगर कळेना." "सकाळपासून ढोसत असेल." जिल्ह्याने चौकशी समिती नेमली. हे सगळं मीही वाचलं, दुसऱ्या कुणाबद्दल वाचावं तसं.

चांद्र नववर्ष उलटल्यावर एक दिवस खालून स्वागतकक्षातल्या मुलीचा फोन आला. "रू-ताई, एक गृहस्थ बसलेत. लॅपटॉप घेऊन आलेत. जा म्हटलं तरी जात नाहीत. रागावत पण नाहीत. तुम्ही या ना."

खाली गेले तर तो हायुंग. टीव्हीवर दिसला होता त्यापेक्षा बुटका, हात मात्र कुदळीच्या दांड्यासारखे. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो पातळ लॅपटॉप. आमच्या घोड्याचं मॉडेल.

"बाई, याला काहीतरी झालंय," तो म्हणाला. "लॅपटॉपवाल्यांच्या केंद्रात दोनदा दिला. दोनदा म्हणाले, काही बिघाड नाही. मग चूतुंगच्या दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, म्हणाला ही पट्टी चूबेईची आहे, तिकडे जाऊन विचारा. म्हणून आलो."

"होतं काय नेमकं?"

"खाली चालतो. वर चालत नाही."

मी त्याला चाचणी विभागात घेऊन आले. खरं तर बाहेरच्या माणसाला आत आणायची परवानगी नव्हती. अ-पिन तिथेच होता, डब्यातला भात खात. हायुंगने उभ्याउभ्याच सांगितलं.

त्या दिवशी धुकं थोडा वेळ फाटलं होतं. तेवढ्यात त्यांनी वाटेच्या तोंडाशी ड्रोन उडवला आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्यांचे फोटो घेतले, ढीगभर. मग गाडीत हीटर लावून ते सगळे लॅपटॉपवर उतरवले आणि पुढच्या उड्डाणासाठी ड्रोनचं कार्ड रिकामं केलं. फोटो तिथेच बसून बघत राहिले असते तर उजेड गेला असता आणि चढ चढता आला नसता. म्हणून ठरलं की वरच्या झोपडीत पोचायचं आणि चहा होईपर्यंत सगळ्यांनी मिळून बघायचे.

"वर पोचलो. उघडला. काळाठिक्कर. पुन्हा उघडला. पोटाशी धरला, जॅकेटमध्ये घातला, तरी नाही. बॅटरी भरलेली होती. मग मी म्हटलं, मागे एकजण हरवला होता तो पूर्वेच्या धारेवर मिळाला होता, तिकडेच जाऊ." त्याने टॉवेल उलगडून लॅपटॉप पुढे केला. "खाली आणला तर घरी पहिल्या झटक्यात चालू झाला. म्हणजे मीच काहीतरी केलं असणार. पाणी गेलं, आपटला, काहीतरी. माझ्या हातून काय झालं एवढंच सांगा. समितीला तेच सांगेन."

अ-पिनने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्याचे कान लाल नव्हते. चेहराच पांढरा पडला होता.

"हायुंग दादा," तो म्हणाला, "उतरवताना लॅपटॉप कुठे ठेवला होतात?"

"हीटरच्या समोर. बोटं गारठली होती म्हणून."

आम्ही लॅपटॉप पेटीत ठेवला. मी तापमान उतरवत नेलं. वरच्या झोपडीत असतं तेवढ्यावर आल्यावर अ-पिनने चालू केला. काळाठिक्कर. पुन्हा तापवला, चालू झाला. पुन्हा गार केला, काळा. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा त्याने माझा हात धरला. "पुरे, रू-ताई."

फोटो लिहिले गेले तेव्हा ड्राइव्ह भाजून निघत होता आणि दम खात नव्हता, कारण दम खाऊ नको असं त्याला आम्हीच शिकवलं होतं. कोणती फाइल कुठे आहे ही त्याची आतली यादीही त्याच उष्णतेत लिहिली गेली. गारठ्यात ती यादी त्याची त्यालाच वाचता येईना.

हायुंग काचेतून आत बघत होता. "म्हणजे पाणी नाही गेलं?"

"नाही," अ-पिन म्हणाला. "तुम्ही काहीच केलं नाहीत."

"मग कोणी केलं?"

अ-पिनने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "बघून सांगतो," तो म्हणाला. "आठ दिवस द्या, दादा."

को सरांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मध्ये एकदा चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "हद्द खाली आण. प्रोग्रामची नवी आवृत्ती या महिन्यातच सगळ्यांना जाऊ दे. 'स्थिरता सुधारली' असं लिहायचं. त्या गृहस्थाला नवा लॅपटॉप द्या, सगळ्यात वरचा."

"आणि समितीला?"

"समितीने आपल्याला विचारलंय का काही?"

"ते त्याला धरतायत, सर. लोक त्याला दारुडा म्हणतात."

"अ-पिन, नीट ऐक. फोटो दिसले असते तर तो माणूस वाचलाच असता, हे तू छातीवर हात ठेवून सांगशील? नाही ना? मग या इमारतीत आठशे माणसं पोट भरतात त्यांचा विचार कर. आईचा विचार कर. मी तुला नोकरीची धमकी देत नाहीये रे, मी थोरल्यासारखं सांगतोय."

"माहीत आहे सर," अ-पिन म्हणाला. तो बाहेर आला आणि आठवडाभर बसून नवा प्रोग्राम पुरा केला. मला वाटलं, विषय मिटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

काम संपलं त्या शनिवारी तो म्हणाला, "च्यानशीला जातोय. येतेस?" स्कूटरवरून त्याच्या त्या वेगाने पोचायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून मी गाडी काढली.

हायुंग बागेत फांद्या छाटत होता. अ-पिनने त्याला उभ्यानेच सगळं सांगितलं: हद्द कुणी वर सरकवली, कोणत्या बैठकीत, कोणती चाचणी राहिली. "सरांनी सांगितलं" असं तो एकदाच म्हणाला, बाकी सगळीकडे "मी केलं."

हायुंगच्या हातातली कात्री उघडीच राहिली. मला वाटलं, आता मारतो.

"इतके दिवस," तो म्हणाला, "इतके दिवस मी झोपलो नाही, माहीत आहे तुला? बायको म्हणते डोंगर सोड. भाऊ बोलत नाही, त्याच्या पोरांना शाळेत चिडवतात म्हणून. आणि तू म्हणतोस एक आकडा बदलला!"

"हो."

"एक आकडा!"

"हो, दादा."

हायुंगने कात्री जमिनीत खुपसली आणि घरात निघून गेला. आम्ही उभेच. बऱ्याच वेळाने तो लॅपटॉप घेऊन आला आणि पायरीवर बसला. "या इकडे. दोघंही बघा. हे मी कुणालाही दाखवलेलं नाही, समितीलाही नाही. प्रेत खाली आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी उघडलं, तेव्हा दिसलं."

ड्रोनने वरून काढलेला फोटो होता. राखाडी दगड, करडं गवत, पश्चिमेच्या घळीचं तोंड. मधोमध एक नारिंगी ठिपका. हायुंगने तो मोठा केला. एक माणूस खडकाला टेकून उभा होता, एक हात वर.

अ-पिन गुडघ्यावर खाली बसला आणि ओकला. हायुंगने त्याच्या पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. नळाकडे बोट दाखवलं.

समितीच्या पुढच्या बैठकीत अ-पिन आपणहून उभा राहिला. सोबत पेटीतल्या चाचणीचे आकडे. ते मी काढून दिले होते, आणि तसं मी सगळ्यांना सांगितलं. मला नुसती ताकीद मिळाली, कारण माझी पेटी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. अ-पिनला त्याच संध्याकाळी काढलं. पाठोपाठ, कंपनीची गुपितं बाहेर नेली म्हणून खटला. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की ड्राइव्ह ठरलेल्या चाचण्यांत पास आहे, आणि डोंगरात यंत्रावर विसंबून राहणं हा पथकाचा निर्णय. वर्तमानपत्रांनी एक दिवस छापलं. दारुडा म्हणणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितली नाही. फक्त बोलायचे थांबले. हायुंगचा भाऊ मात्र बोलायला लागला.

राहिले ल्याओचे वडील. रेल्वेत सिग्नलवर आयुष्य काढलेला म्हातारा. मुलगा हरवला होता तेव्हा वाटेच्या तोंडाशी थर्मास घेऊन बसून राहायचा, पथकातल्या प्रत्येकाला आल्याचा चहा पाजायचा. हायुंग म्हणाला, "त्यांना फोटो दाखवायला हवा. मला एकट्याला जमणार नाही. तू चल." अ-पिन गेला. मलाही नेलं.

घरात कोपऱ्यात पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या, त्यांच्याशेजारी मुलाचा फोटो, आणि बंद पियानोवर कपड्यांच्या घड्या. म्हाताऱ्याने आम्हाला बसवलं, चहा ओतला. हायुंगने लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि मान खाली घातली. म्हातारा चष्मा लावून वाकला. मग बोटाने पडद्याला अगदी हलकेच टेकवल्यासारखं केलं.

"रेनकोट उलटा घातलाय," तो म्हणाला. "त्याचा निळा होता. आतून नारिंगी. बाहेरची बाजू आत केलीय त्याने." पुढे म्हणाला, "मी शिकवलं होतं. रुळावर माणूस दिसला पाहिजे. लहान होता तेव्हा सांगायचो, अडकलास तर आधी दिसायची सोय कर. केलीन त्याने."

मग अ-पिन उठून त्याच्यासमोर कमरेत वाकला आणि तसाच राहिला. "काका, चूक माझी आहे. मला माहीत होतं आणि मी ठामपणे बोललो नाही."

म्हाताऱ्याने त्याला वर उठ म्हटलं नाही.

"सगळं वाचलं मी तुझं," तो म्हणाला. "नोकरी गेली, खटला झाला. लोक म्हणतात प्रामाणिक आहे. असशील. पण तू ज्या दिवशी बोलायला हवं होतंस त्या दिवशी माझा मुलगा शाळेत पोरांना गाणं शिकवत होता. आता तू काय बोलतोस त्याचं मी काय करू?" मग हायुंगकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "तू चहा घे रे. गार होतोय. तू आणलंस त्याला घरी."

हायुंगने कप दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. अ-पिन अजून वाकलेलाच. शेवटी मीच त्याचं कोपर धरून त्याला बाहेर आणलं. जिन्यात तो म्हणाला, "बरोबर बोलले ते, रू-ताई."

खटला अजून चालू आहे. दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हवाल्याने अ-पिनला घेतलं नाही. नाव ऐकलं की मुलाखतीची तारीखच येत नाही. तो शिनपूला आईकडे आहे. या वर्षी पर्सिमनच्या दिवसांत मी गेले होते. अंगणभर बांबूच्या थाळ्या पसरलेल्या, चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याचं कोरडं वारं सुटलेलं. तो आईशेजारी बसून फळं सोलत होता. आधीपेक्षा वाळला होता. आईने मला बान-त्याओच्या, म्हणजे तांदळाच्या जाड शेवया वाढल्या आणि त्याच्यादेखतच म्हणाली, "याला काही सांग गं. बोलतच नाही. दिवसभर नुसता सोलतो."

जेवण झाल्यावर तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "नवं मॉडेल आलंय म्हणे."

"हो. आधीपेक्षा पातळ."

"गार वाचायची चाचणी?"

"पूर्ण केली. मीच केली."

त्याने मान हलवली. पुढे काही विचारेल म्हणून मी थोडी थांबले. आतून आईने हाक मारली, "पिन, वारं वाढलंय, थाळ्या सरकव." तो वळला आणि थाळ्या एकेक करून भिंतीच्या आडोशाला नेऊ लागला.